बेचाळीस पावलांची जागा

भुताच्या गोष्टी खोट्या म्हणून सोडून देता येतात. ही देता येत नाही. कारण हिचा एक तुकडा कोर्टाच्या फाइलमध्ये शिक्क्यासकट पडून आहे, आणि ज्यांच्यावर हे सगळं बेतलं ते माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे यजमान आहेत. पुस्तकं बांधायचा धंदा, म्हणून सगळे त्यांना बाइंडर म्हणतात. त्यांचं लग्नपत्रिकेतलं नाव आता बहिणीलाही आठवावं लागत असेल.

सुरुवात झाली ती एका मंगळवारी, पहाटे पावणेसहाला.

बाइंडर शेडमध्ये खळ शिजवत होते. त्यांची जागा म्हणजे टायरच्या गोदामाची उंच भिंत आणि रस्ता यांच्यामधला एक लांबट पट्टा. रस्त्याच्या बाजूला लोखंडी फाटक, मग पत्र्याची शेड, शेडमागे दोन खोल्यांचं घर. फाटकापासून गोदामाच्या भिंतीपर्यंत कडेने खडी टाकलेली वाट.

फाटकाला कुलूप होतं. किल्ली बाइंडरांच्या खिशात होती.

आणि खडीवर पाऊल वाजलं...

एक पाऊल टाकलेलं. दुसरं जरा घासत आणलेलं. मग काठीची टोच.

पुन्हा पाऊल. पुन्हा घासणं. टोच.

घाई नाही. चोरटेपणा नाही. आपल्याच अंगणात फिरावं तशी चाल. शेडच्या पत्र्याला लागून आवाज पुढे गेला, घरावरून गेला, भिंतीपाशी पोचला.

आणि थांबला.

परत आला नाही.

बाइंडर बाहेर आले. वाटेवर कुणी नव्हतं. कुलूप जसंच्या तसं. मागच्या दारात बहीण उभी होती, हातात फणी, केस अर्धे विंचरलेले.

"कोण आलं होतं हो?"

"मांजर असेल."

"मांजराला काठी कुणी दिली?"

 पावलं बाइंडरांनी मनात मोजली होती. बहिणीनेही मोजली होती. दोघांचा आकडा एकच आला.

बेचाळीस.

ही चाल कुणाची, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर तिचं नाव काढायची दोघांनाही भीती वाटत होती.

ते पाऊल होतं जागेच्या मालकाचं. मालक म्हणजे जमीनमोजणी खात्यातले निवृत्त गृहस्थ. एकटेच. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. बावीस वर्षांपूर्वी बाइंडरांचं भाड्याचं दुकान जळालं. पदरात तीन वर्षांची मुलगी, बाहेर रस्त्यावर दाबयंत्र. बांधायला आलेली मोजणीसाहेबांची जुनी वही तेवढी आगीतून वाचली होती, ती बाइंडरांनी परत नेऊन दिली. साहेबांनी वही उलटसुलट करून पाहिली. दुसऱ्या दिवशी एका माणसाच्या हाती किल्ली पाठवली, बरोबर चार ओळींची चिठ्ठी.

"जागा रिकामीच आहे. बिनघोर रहा. भाडं नको. मी आहे तोवर तुम्हाला कुणी उठवणार नाही."

पुढे साहेब रोज पहाटे यायचे. फाटकापासून भिंतीपर्यंत पावलं मोजायचे. "बेचाळीस भरली," म्हणायचे, आणि चहा न घेता निघून जायचे. म्हातारपणी लांबच्या गावी पुतण्याकडे राहायला गेले. नऊ वर्षांपूर्वी तिकडेच वारले.

मग इतकी वर्षं कुणीच फिरकलं नाही.

आणि तीन वर्षांपूर्वी पुतण्याची नोटीस आली. जागा खाली करा, गोदामवाल्याला विकायची आहे.

बाइंडरांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती अगदी खरीखुरी सरकत होती. तशात कुणीतरी सल्ला दिला, "बारा वर्षांच्या वर बसलात ना? मग जागा तुमचीच. ठोका दावा."

इथे एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. कायद्यात प्रतिकूल ताबा नावाचा प्रकार आहे. दुसऱ्याच्या जागेवर तुम्ही उघडपणे, सलग बारा वर्षं, मालकाला न जुमानता बसलात आणि त्याने हूं की चूं केलं नाही, तर जागा तुमची होऊ शकते. पण 'न जुमानता' हे महत्त्वाचं. समजा वर्गात एका मुलाने शेजाऱ्याला म्हटलं, "माझ्या बाकावर बस." तो वर्षभर बसला. म्हणून बाक त्याचा होतो का? नाही होत. तो पाहुणा. पाहुणा शंभर वर्षं राहिला तरी पाहुणाच.

उलटतपासणीत पुतण्याच्या वकिलाने बाइंडरांना अगदी गोड आवाजात विचारलं, "मोजणीसाहेबांचे आणि तुमचे संबंध चांगले होते?"

"चांगले म्हणजे? बापासारखे होते! त्यांनीच तर सांगितलं, बिनघोर रहा म्हणून."

आपण बाजी मारली असं वाटून बाइंडर बहिणीकडे बघून हसले. त्यांच्या वकीलबाईंनी मात्र कपाळावर हात ठेवला.

दावा फेटाळला. वर पुतण्याच्या उलट दाव्यात त्याला ताबा देण्याचा हुकूम. चांगलं बोलून जागा घालवणारा माणूस त्या कोर्टाने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला असेल.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, अपील करू. पण अपील म्हणजे नवा पेपर नाही. तोच पेपर दुसऱ्या तपासनीसाकडे जातो. तुम्ही तोंडाने बोललात ते गैरसमजातून होतं, असं प्रतिज्ञापत्र देता येईल. पण एकच सांगा. लेखी काही आहे का? परवानगीची चिठ्ठीचपाटी?"

बाइंडरांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने जमिनीकडे.

"नाही," बाइंडर म्हणाले. "काही नाही."

"आणि मोजणीसाहेबांनी परवानगी दिली नव्हती?"

"नाही. आम्ही आपले घुसलो."

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. सोमवारी अपील दाखल झालं. त्या खोट्यावर बाइंडरांनी सही केली. बावीस वर्षांत त्या माणसाने पानाची घडीसुद्धा चुकीची घातली नव्हती.

घरी आल्यावर बहीण म्हणाली, "ती चिठ्ठी जाळून टाका."

"त्यांचं अक्षर आहे गं ते. जाळवत नाही."

मग त्यांनी धंद्यातला मार्ग काढला. पुस्तक बांधताना कण्याला आतून एक कागद चिकटवतात. वर कापड येतं, तो कागद पुन्हा कुणाला दिसत नाही. एका शाळेचा जाडजूड शब्दकोश बांधायला आलेला होता. बाइंडरांनी साहेबांची चिठ्ठी उलटी करून त्याच्या कण्याला चिकटवली. वर कापड ओढलं. दाबयंत्रात ठेवलं.

ती सोमवारची संध्याकाळ.

मंगळवारी पहाटे पाऊल वाजलं.

बुधवारीही वाजलं. गुरुवारीही. रोज पावणेसहाला, कुलूप लावलेल्या फाटकातून आत. बेचाळीस, आणि मग भिंतीपाशी शांतता.

त्या शांततेचंच बहिणीला जास्त भय. "दादा," ती मला फोनवर म्हणाली, "पावलं वाजतात तोवर कळतं तरी कुठे आहेत ते. थांबली की मग कुठे असतात?"

"सोडून या ती जागा. माझ्याकडे या."

"आणि ते दाबयंत्र काय तुझ्या पलंगाखाली ठेवू? पोरीचं बाळंतपण तोंडावर आलंय. ती माहेरी कुठे येणार? भिंतीपाशी?"



शब्दकोश मात्र वाळेना. दहा दिवस झाले. कण्यावर बोट ठेवलं की ओलं लागायचं. बाइंडरांनी त्याला उन्हात ठेवलं, पंख्याखाली ठेवलं. इतर पुस्तकं एका रात्रीत खडखडीत व्हायची.

त्या एकाच पुस्तकाचा कणा... घामेजलेल्या पाठीसारखा ओला.

शाळेला त्यांनी कळवलं, अजून वेळ लागेल.

दोन महिन्यांनी अपिलाच्या कोर्टाने जागेची पाहणी करायला कमिशनर नेमला. जागेवर कोण आहे, कशी वहिवाट आहे, हे बघून लिहून आणायचं काम. तरुण वकील होता. भर दुपारी आला, चकचकीत बूट, हातात लांब फीत. त्याचा मदतनीस आला नव्हता. पुतण्याचा माणूसही आला नव्हता.

वकीलबाईंनी बजावलं होतं, "काका, तुम्ही दारात उभं राहायचं. काही धरायचं नाही, काही दाखवायचं नाही. नाहीतर म्हणतील, हात लावला."

म्हणून बाइंडर शेडच्या दारात उभे. मध्ये पुठ्ठ्यांच्या थप्प्या, त्यामुळे मागची भिंत दिसत नव्हती. कमिशनर फाटकापाशी उभा राहिला. फीत बाइंडरांच्या डोळ्यांदेखत सरसर मागे गेली आणि ताणली गेली.

"जरा खाली घ्या!" कमिशनर ओरडला. फीत खाली आली.

"हं, बस. बरोबर."

बाइंडरांना वाटलं, पुतण्याचा माणूस मागून आला असणार. ते थप्प्यांना वळसा घालून मागे गेले.

ताणलेली फीत भिंतीपर्यंत गेली होती. जमिनीपासून हातभर उंच.

आणि तिचं टोक...

कुणीच धरलेलं नव्हतं.

 फीत सैल पडली, खडीवरून सरपटत परत गेली. कमिशनर वहीत काही लिहीत भिंतीकडे गेला. तिथे तो थोडा वेळ उभा राहिला, मान हलवत. वही पुढे केली. पुन्हा मागे घेतली. मग सगळं आवरून निघाला. जाता जाता बाइंडरांना म्हणाला, "फार नेमका माणूस आहे हो. फीत कशी धरायची ते मला शिकवलं."

त्याचा अहवाल पुढच्या तारखेला उघडला. वकीलबाई वाचत होत्या, बाइंडर शेजारी उभे. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"काका, हे काय आहे?"

अहवालात लिहिलं होतं: मोजणीच्या वेळी फितीचे दुसरे टोक जागेवर हजर असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी धरले. उजव्या पायाने लंगडतात, हातात काठी. विचारले असता त्यांनी सांगितले की, "यांना मी ठेवले आहे. बिनघोर रहा असे मीच लिहून दिले. मी आहे तोवर यांना कुणी उठवणार नाही." वाचून दाखवले, बरोबर असल्याचे सांगून सही केली.

खाली सही होती.

बोल चिठ्ठीतलेच होते. ती चिठ्ठी जगात फक्त बाइंडरांनी आणि बहिणीने वाचलेली. आणि ती शब्दकोशाच्या पोटात होती.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?"

पुतण्याचा वकील उत्साहाने उठला. परवानगीचा एवढा मोठा पुरावा आयता हाती आला होता. तेवढ्यात पुतण्याने त्याची बाही ओढून खाली बसवलं. पुतण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावरच तर तो वारस ठरला होता. काका जिवंत म्हणावेत तर जागा त्याची नाही. मेले म्हणावेत तर सही कुणाची?

कमिशनरला उभं केलं. तो शपथेवर म्हणाला, "मी त्यांच्याशी बोललो, साहेब. त्यांच्या काठीला खाली रबर नव्हतं, तेसुद्धा मला आठवतंय."



पुढची तारीख दिली. फाइल बंद झाली.

बाहेरच्या बाकावर पुतण्या एकटाच बसला होता. बाइंडर त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. कित्येक महिन्यांची झोप नाही, डोळे खोल गेलेले. पिशवीतून त्यांनी तो शब्दकोश काढला. सुरीने कण्याचं कापड चिरलं आणि आतला ओला कागद अलगद सोडवून पुतण्याच्या मांडीवर ठेवला.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "तुमच्या काकांनी दिली होती जागा. आम्ही घुसलो नव्हतो. अपील मागे घेतो. पण मला दुसरीकडे जायला ठिकाण नाही हो. खरंच नाही."

आणि ते तिथेच खाली बसून रडले. वाटेवरचे लोक थांबून बघत होते, तरी रडले.

पुतण्याने कागद वाचला. 

"शेवटच्या दिवसांत आमच्याकडे खाटेवरून उठून खोली मोजायचे," तो म्हणाला. "बेचाळीस भरत नाहीत म्हणून लहान मुलासारखे चिडायचे. मला वाटायचं, भ्रम झालाय."

"रोज येतात ते. पहाटे."

"बघायला येईन."

आला. दुसऱ्याच दिवशी, उजाडताना. फाटकाबाहेर उभा राहिला, आत यायला तयार नाही. पावणेसहाला खडी वाजली. पाऊल, घासणं, टोच. पुतण्या फाटकाचा गज धरून ऐकत होता. बेचाळीस झाल्यावर त्याने कपाळाचा घाम पुसला.

"काकांचा शब्द मी मोडत नाही," तो म्हणाला. "ते आहेत तोवर रहा. पण ज्या दिवशी ते नसतील त्या दिवशी हुकूम माझ्या हातात आहे. मी दर महिन्याच्या एक तारखेला येऊन ऐकणार."

अपील मागे घेतलं गेलं. भाचीचं बाळंतपण माहेरीच झालं, आणि ती बाळासकट तिथेच राहिली.

आता बघा, काय उलटं होऊन बसलं. ज्या पावलांनी यांची झोप उडवली होती, त्या पावलांवर यांचं घर उभं राहिलं. बहीण पहाटे उठून कान लावून बसायची. खडी वाजली की म्हणायची, "आले बाई." तान्हं रडलं तर त्याला छातीशी दाबायची, एखादं पाऊल हुकायला नको म्हणून.

सात महिने असं चाललं.

मग एका पहाटे मोजणी छत्तिसावर थांबली...

दुसऱ्या आठवड्यात तीस.

मग एकोणीस. काठीचा आवाज इतका बारीक की पत्र्याला कान लावावा लागायचा.

"दादा, ते थकलेत रे," बहीण फोनवर हुंदके देत होती. "आता काय करायचं?"

त्या महिन्याच्या तीस तारखेला एकही पाऊल वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक तारीख.

पहाटे साडेपाचला बाइंडरांनी कपाटामागून एक जुनी काठी काढली. बहीण दारात आडवी उभी राहिली.

"अहो, नका. एकदा खोटं बोललात तेव्हा काय झालं, आठवतंय ना?"

"मग काय करू? लेकरासकट पोरीला रस्त्यावर काढू?"

बहीण बाजूला झाली.

फाटकाबाहेर पुतण्या येऊन उभा होता. अजून नीट उजाडलं नव्हतं. बाइंडर शेडच्या आडोशाने, त्याला दिसणार नाहीत असे वाटेवर उतरले. एक पाऊल टाकलं. दुसरं घासत आणलं. काठी टोचली. वर्षानुवर्षं ऐकलेली चाल, जशीच्या तशी उतरली.

आत बहीण तान्ह्याला घेऊन मोजत होती.

चाळीस.

एक्केचाळीस.

बेचाळीस. बाइंडर भिंतीपाशी पोचले. तळहात भिंतीवर टेकवून, श्वास रोखून उभे राहिले. फाटकापाशी पुतण्या खाकरला. त्याची गाडी सुरू झाली, निघून गेली. साधलं होतं.

आणि मग बहिणीला ऐकू आलं...

त्रेचाळीस.

चव्वेचाळीस.

काठी नव्हती. घासणं नव्हतं. भक्कम, जड, दोन्ही पायांची पावलं. पंचेचाळीस. सेहेचाळीस. भिंतीपुढे तर त्या जागेची जमीनच संपते, पलीकडे गोदामाचा भरीव चौथरा. पावलं मात्र खडीवरच वाजत होती.

ती बाहेर धावली. बाइंडर भिंतीला तळहात लावून तसेच उभे होते. तोंड भिंतीकडे. पाय हलत नव्हते.

"तुम्ही चालताय का हो?" तिने विचारलं.

त्यांनी फक्त मान हलवली. नाही.

ते आजतागायत त्या आवाजाबद्दल एक शब्द बोललेले नाहीत. काम करतात, जेवतात, नातवाला खेळवतात. पावलं रोज वाजतात, पण ती मोजणीसाहेबांची नव्हेत, हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक. पुतण्याला काय, खडी वाजल्याशी मतलब. जागा टिकली आहे.

मी परवा दोन दिवस तिथे राहून आलो. पहाटे बहिणीशेजारी बसून मीही मोजलं. मुलांना अंक शिकवण्यात जन्म गेला माझा, मोजण्यात मी चुकत नाही.

पहिल्या दिवशी पावलं एकशे बारा झाली, भिंतीपलीकडे जाऊन पुन्हा घराकडे वळलेली.

दुसऱ्या दिवशी एकशे तीस झाली, आणि शेवटची सहा घराच्या आत वाजली.